वाचकांचे प्रश्न : २०५० चा उन्हाळा आणि आजचे निर्णय

मागच्या अंकात मराठवाड्यातील वाढत्या उन्हाविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. या शतकाच्या मध्याला आणि अखेरीला उन्हाळे किती तापलेले असतील, याविषयी जगभरच्या हवामानशास्त्रज्ञांनी काढलेले आकडे त्यात दिले होते. त्यावर परभणी, लातूर, अंबाजोगाई, पैठण, जालना, नांदेड, औसा आणि धाराशिव येथून पत्रे आली. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच विचारणा आहे : हे आकडे आमच्या रोजच्या निर्णयांत कोठे बसवायचे? निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न (परभणी, शेतकरी) : मृगाचा पाऊस सात जूनला येणार की पंधराला, हे मे महिन्याच्या अखेरीसही कोणी खात्रीने सांगत नाही. मग २०८० साली ऊन किती असेल, हे सांगणाऱ्यावर आम्ही विश्वास कसा ठेवावा?

उत्तर : या शंकेचे समाधान झाल्याशिवाय पुढचे काहीच सांगण्यात अर्थ नाही, म्हणून आपले पत्र प्रथम घेतले आहे. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असताना पुढचा बुडबुडा नेमका कोठे फुटेल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण चुलवाणात चिपाडांची भर वाढवली तर रस किती लवकर उकळी धरेल, हे तेथे चार हंगाम काढलेला माणूस न चुकता सांगतो. मृगाचा पाऊस कोणत्या तारखेला येईल, हा प्रश्न बुडबुड्याचा आहे. पन्नास वर्षांनी उन्हाळे सरासरीने किती तापलेले असतील, हा प्रश्न आचेचा आहे. पावसाच्या अंदाजासाठी आजचे वातावरण नेमके कोणत्या स्थितीत आहे हे ठाऊक असावे लागते, आणि त्या माहितीतली बारीकशी चूकही आठ-दहा दिवसांत एवढी वाढते की अंदाज कामाचा राहत नाही. शतकाच्या हिशेबात आजच्या स्थितीचे महत्त्व ओसरते आणि पृथ्वीवर किती उष्णता येते व त्यातली किती अवकाशात परत जाते, या जमाखर्चाचे महत्त्व उरते.

तो जमाखर्च कशामुळे बिघडला, हे गूढ नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. हा वायू वाढला की पृथ्वी तापेल, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच गणिताने मांडले होते. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी, आजच्या मानाने अगदी दुबळ्या संगणकावर, हा वायू दुप्पट झाल्यास तापमान साधारण २.३ अंशांनी वाढेल असे काढले. आज शास्त्रज्ञ त्यासाठी ३ अंश हा आकडा सर्वांत सयुक्तिक मानतात आणि तो २.५ ते ४ च्या दरम्यान असण्याची शक्यता मोठी आहे असे सांगतात. मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे हेच काम होते. अर्धशतकापूर्वीचे गणित आपल्या डोळ्यांदेखत खरे ठरत आले आहे. माझा विश्वास त्यावर आधारलेला आहे.

एक भेद मात्र मनात पक्का ठेवावा. हवामान खात्याचा अंदाज ‘असे होईल’ म्हणतो. शतकाच्या आकड्यांना शास्त्रज्ञ अंदाज म्हणत नाहीत, प्रक्षेपण म्हणतात. त्याच्या पोटात एक ‘जर’ असतो. माणसाने इतका कोळसा आणि इतके तेल जाळले, इतकी जंगले तोडली, तर तापमान इतके वाढेल, अशी त्याची मांडणी असते. २०४३ चा मे महिना कडक जाईल की सौम्य, हे त्यातून कळत नाही, कारण प्रशांत महासागरातल्या एल निनोसारख्या उलाढाली एकेक वर्ष वरखाली करतच राहणार. वीस-तीस वर्षांच्या उन्हाळ्यांचा एकत्रित स्वभाव मात्र त्यातून कळतो.

प्रश्न (लातूर, माध्यमिक शिक्षिका) : लेखात शतकाच्या अखेरीसाठी १.८, २.७ आणि ४.४ अंश असे वेगवेगळे आकडे होते. विद्यार्थ्यांना यातला कोणता सांगावा?

उत्तर : हे आकडे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, ऑगस्ट २०२१ मधील अहवालातले आहेत. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत साऱ्या पृथ्वीचे सरासरी तापमान किती वाढेल, ते त्यांत सांगितले आहे. जग पुढे कसे वागेल हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्या अहवालाने पाच परिदृश्ये, म्हणजे जगाच्या वागण्याच्या पाच वाटा, कल्पिली. कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचे उत्सर्जन झपाट्याने घटवणाऱ्या दोन वाटांवर २०८१ ते २१०० या काळात वाढ १.४ आणि १.८ अंश येते, मधल्या वाटेवर २.७, आणि उत्सर्जन वाढवतच नेणाऱ्या दोन वाटांवर ३.६ आणि ४.४. यांपैकी कोणती वाट प्रत्यक्षात येण्याची शक्यता किती, याची टक्केवारी अहवालाने दिलेली नाही. सर्वांत वरच्या वाटेवर कोळशाचा वापर अवाढव्य वाढतो असे गृहीत आहे आणि अलीकडची ऊर्जाक्षेत्रातली वाटचाल पाहता तिची शक्यता कमी मानली जाते, हेही त्याच अहवालात नोंदले आहे. तरीसुद्धा वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत बहुधा तोच आकडा झळकतो, ही गोष्ट मला खटकते; कारण पुढे तेवढे तापले नाही तर लोक सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास काढून घेतील. आज जगभर लागू असलेली धोरणे साधारण मधल्या वाटेच्या आसपास नेणारी आहेत.

शिवाय मधल्या वाटेचा आकडाही एकटा येत नाही. २.७ हा मध्य आहे. पृथ्वी या वायूंना किती तीव्र प्रतिसाद देते, याविषयीच्या अनिश्चिततेमुळे ती वाढ २.१ पासून ३.५ पर्यंत कोठेही असू शकते. म्हणजे अनिश्चितता दोन जागी आहे : एक माणसाच्या वागण्यात, दुसरी निसर्गाच्या प्रतिसादात.

विद्यार्थ्यांना मी शतकाच्या अखेरीऐवजी मध्याचे आकडे आधी दाखवीन. २०४१ ते २०६० या काळासाठी त्याच पाच वाटा अनुक्रमे १.६, १.७, २.०, २.१ आणि २.४ अंश सांगतात. सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वाट यांत शतकाच्या मध्याला एका अंशाचेही अंतर नाही, आणि अखेरीस तेच अंतर तीन अंशांचे होते. आज दहावीत असलेली मुले तेव्हा चाळिशी-पंचेचाळिशीत असतील. त्यांच्या ऐन उमेदीच्या वर्षांतली उष्णता बरीचशी ठरून गेली आहे. त्यांच्या म्हातारपणातली अजून ठरायची आहे. पाच आकडे फळ्यावर दोन ओळींत लिहिले तर हे मुलांना न समजावताही दिसेल.

प्रश्न (अंबाजोगाई, निवृत्त कर्मचारी) : आमच्याकडे मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश नेहमीचेच. त्यात दोन अंशांची भर पडली, तर एवढे काय बिघडणार?

उत्तर : सरासरी दोन अंशांनी वाढते, तेव्हा टोकाचे दिवस दोनच अंशांनी वाढून थांबत नाहीत, ते किती वेळा येतात, हे बदलते, आणि तो बदल फार मोठा असतो. खळ्यावर ज्वारीची रास घातली आहे आणि तिच्या एका कडेला, अगदी पायथ्याशी, जमिनीवर रेघ ओढली आहे अशी कल्पना करावी. रेघेपलीकडे मूठभर दाणे आहेत. आता सगळी रास त्या बाजूला वीतभर सरकवली, तर राशीचा आकार तोच राहतो, मधला ढीगही जवळपास तेथेच दिसतो, पण रेघेपलीकडचे दाणे मुठीवरून सुपावर जातात. असह्य उन्हाचे दिवस म्हणजे रेघेपलीकडचे दाणे.

हे आयपीसीसीच्या अहवालात आकड्यांनी दिले आहे. माणसाने वातावरणात ढवळाढवळ करण्यापूर्वी जो उष्ण प्रसंग सरासरीने दहा वर्षांतून एकदा येत असे, तो पृथ्वी १ अंशाने तापलेली असताना दहा वर्षांत २.८ वेळा येतो, १.५ अंशाला ४.१ वेळा, २ अंशांना ५.६ वेळा आणि ४ अंशांना ९.४ वेळा. पन्नास वर्षांतून एकदा येणारा प्रसंग २ अंशांना त्याच पन्नास वर्षांत सुमारे १४ वेळा येतो. हे जगातल्या सर्व भूभागांचे सरासरी आकडे आहेत, मराठवाड्याचे नव्हेत; तरी त्यांचा अर्थ आपल्या मापाने लावता येतो. मूल पहिलीपासून बारावीपर्यंत शाळेत बारा वर्षे काढते. तुमच्या आजोबांच्या लहानपणी त्या बारा वर्षांत असा एखादाच उन्हाळा येई. २ अंश तापलेल्या जगात तुमच्या पणतूच्या वाट्याला सहा-सात येतील.

भारतापुरते बोलायचे, तर केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाचा २०२० मधील अहवाल पाहावा. तो पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, असे त्यात नोंदले आहे. ही वाढ जगातल्या इतर भूभागांपेक्षा कमी आहे, आणि त्यावरून आपल्याला धोका कमी आहे असे कोणी म्हणेल, तर ते घाईचे होईल. हवेतले धूर व धुळीचे सूक्ष्म कण सूर्याचे काही किरण अडवतात आणि उत्तर भारतातल्या मोठ्या सिंचनामुळे जमीन थंड राहते, अशी कारणे संशोधक देतात. हवा स्वच्छ करणे आपल्या फुप्फुसांसाठी आवश्यकच आहे, आणि ती स्वच्छ झाली की ही सावली विरळ होईल. सिंचनाचा ओलावा तर आपल्या कोरडवाहू भागाच्या वाट्याला फारसा आलेलाच नाही. त्याच अहवालानुसार, उत्सर्जन अनिर्बंध वाढत गेले तर शतकाच्या अखेरीस देशातल्या एप्रिल ते जूनमधल्या उष्णतेच्या लाटा १९७६ ते २००५ या काळाच्या तुलनेत तीन ते चार पट होतील आणि लाटेची सरासरी मुदत सुमारे दुप्पट होईल. हा वरच्या टोकाच्या वाटेचा हिशेब आहे, हे वाचताना विसरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते नेहमीच्या सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेले, किंवा थेट ४५ अंशांवर पोचले, तर उष्णतेची लाट धरली जाते. ज्या गावी मे महिन्याची सरासरीच ४१ च्या आसपास आहे, तेथे ४४ अंशांचा दिवस या व्याख्येत बसत नाही. त्यातच ही सरासरी दर काही वर्षांनी नवी काढली जाते. सध्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सरासरी वापरतात, आणि ती स्वतःच आधीपेक्षा तापलेली आहे. कागदावर लाट नाही म्हणून मजुराला दुपारी कामावर उभे करणे चुकीचे आहे. अहमदाबाद शहरात मे २०१० मध्ये उष्णतेच्या दिवसांत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले, आणि त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने आपला उष्णता कृती आराखडा बनवला. इशारा कोणत्या तापमानाला द्यायचा, हे ठरवताना तेथे मृत्यूंच्या नोंदी तापमानाशी ताडून पाहण्यात आल्या. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आपापल्या रुग्णालयांच्या आणि ग्रामपंचायतींच्या मृत्युनोंदींवरून असा स्थानिक आकडा काढावा, असे मला फार मनापासून वाटते.

प्रश्न (पैठण, वाचक) : आमच्या गावचे २०५० चे तापमान कोणी सांगू शकेल का? नाथसागरामुळे येथे फरक पडत असेल ना?

उत्तर : गावापुरता एकच आकडा कोणी देत असेल, तर तो जपून घ्यावा. हवामानाची जागतिक प्रारूपे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या गणिती प्रतिकृती, पृथ्वीचे चौकोनी तुकडे पाडून हिशेब करतात, आणि यांतल्या अनेक प्रारूपांत एका चौकोनाची बाजू सुमारे शंभर किलोमीटर असते. म्हणजे एक चौकोन दहा हजार चौरस किलोमीटरचा, जवळपास एकट्या बीड जिल्ह्याएवढा. सगळा मराठवाडा अशा सहा-सात चौकोनांत मावतो. त्या चौकोनात बालाघाटाचा डोंगर आणि गोदावरीचे खोरे यांची सरमिसळ होऊन एकच तापमान निघते, आणि नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, तर त्याला दिसतही नाही. मग प्रदेशापुरती अधिक बारीक प्रारूपे चालवतात, त्यांतले चौकोन पंचवीस-पन्नास किलोमीटरचे असतात, आणि जवळच्या वेधशाळेच्या जुन्या नोंदींशी ताडून प्रारूपाची कायमची चूक वजा करतात. या दुरुस्तीने आकडा गावाच्या जवळ येतो, पण त्याची कक्षा रुंदच राहते.

नाथसागराचा परिणाम काठालगत जाणवेल, फार आत नाही. आपल्या भागात त्याहून मोठी गोष्ट जमिनीतल्या ओलीची आहे. ओल्या जमिनीवर पडलेल्या उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतो. जमीन कोरडी असेल तर तेच ऊन हवा तापवते. ज्या वर्षी परतीचा पाऊस हुलकावणी देतो आणि काळ्या रानाला फेब्रुवारीतच हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या वर्षीचा एप्रिल-मे अधिक भाजून काढतो, तो याच कारणाने. म्हणून मराठवाड्यातल्या पुढच्या उन्हाचा विचार पावसाला वगळून करता येत नाही, आणि पावसाच्या बाबतीत प्रारूपांचे एकमत तापमानाएवढे घट्ट नाही.

प्रश्न (जालना, मोसंबी बागायतदार) : मोबाइलवर ४५, गाडीत ४८ आणि वर्तमानपत्रात ४२ अंश, यातले खरे कोणते?

उत्तर : वर्तमानपत्रातले, जर ते वेधशाळेचे असेल. वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागी ठेवलेला असतो; त्याला ऊन लागत नाही आणि वारा लागतो. गाडीचा मापक तापलेल्या डांबराजवळ आणि इंजिनाजवळ असतो. मोबाइलवरचा आकडा बहुधा संगणकाने काढलेला असतो. स्वयंचलित केंद्रेही चुकू शकतात : मे २०२४ मध्ये दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंशांची नोंद झाली, देशभर बातमी झाली, आणि तपासणीत तो मापक ३ अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान खात्याने सांगितले. देशातली मान्य उच्चांकी नोंद राजस्थानातल्या फलोदीची, १९ मे २०१६ ची, ५१ अंशांची आहे.

प्रश्न (नांदेड जिल्हा, आशा कार्यकर्ती) : मे महिन्यातल्या कडक उन्हापेक्षा जूनमध्ये दोन पाऊस पडून उघडीप झाली की लोक जास्त घाबरे होतात. पारा तर उतरलेला असतो. असे का?

उत्तर : ताई, आपले निरीक्षण अचूक आहे. शरीर घामाने थंड होते, आणि घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. हवेत दमटपणा असला की तो वाळत नाही. हे मोजण्यासाठी तापमापकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळून तापमान घेतात, त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हे तापमान २३ च्या आसपास येते. हवा ३६ अंशच, पण आर्द्रता ५० टक्के असेल तर ते २७ च्या पुढे जाते. कूलर जूनमध्ये काम का करेनासा होतो, त्याचेही कारण हेच : कूलर हवेला वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊच शकत नाही. हे तापमान ३५ अंशांवर गेले तर सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकत नाही, असे सैद्धांतिक गणित २०१० मध्ये मांडले गेले. पुढे अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी व्यक्तींवर घेतलेल्या चाचण्यांत दमट हवेत शरीराचा तोल ३१ अंशांच्या आसपासच सुटू लागल्याचे दिसले. म्हातारी माणसे, गरोदर बाया आणि बिगारीचे काम करणारे यांची मर्यादा त्याहूनही खाली धरावी लागेल.

पुढच्या काळासाठी हा मुद्दा कळीचा आहे. तापमान एका अंशाने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे दक्षिण आशियात कोरड्या उन्हाबरोबर दमट उष्णतेचा ताणही वाढत जाईल, असे आयपीसीसीचा अहवाल सांगतो. आपल्याकडचे इशारे आणि पाणपोया मे महिन्याबरोबर आटोपतात. त्या मृग आणि आर्द्रा नक्षत्रांतल्या उघडिपीपर्यंत चालू ठेवायला हव्यात. पेरणीची घाई नेमकी तेव्हाच असते. शेतात कोणी असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला आणि अंग चटका बसेल एवढे तापले असेल, तर घाम येतो आहे की नाही हे पाहत बसू नये. १०८ ला फोन करून, सावलीत नेऊन, कपडे सैल करून अंगावर सतत पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये.

प्रश्न (औसा तालुका, वाचक) : भूकंपानंतर आमची माळवदे गेली. आता सिमेंटचे घर आणि त्याला लागून पत्र्याच्या खोल्या आहेत. दुपारी आत थांबता येत नाही, रात्री झोप येत नाही. २०५० चे आकडे आमच्या काय उपयोगाचे?

उत्तर : आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदांची जड माती झोपलेल्या माणसांवर कोसळली, त्यानंतर कोणी मातीचे छत नको म्हटले तर त्याला दोष देता येत नाही. पण माळवद दुपारची झळ आत येऊ देत नसे, आणि ते गेल्यावर त्याच्या जागी उन्हाचा विचार केलेले दुसरे छत आले नाही. मागच्या वैशाखात आपल्याच भागात एका घरी मुक्कामाला होतो. रात्री साडेदहाला पत्र्याची खोली तोवर निवलेली होती, पण शेजारच्या स्लॅबच्या खोलीत छताकडे हात उंच केला तर चुलीवरून नुकत्याच उतरवलेल्या तव्याजवळ हात नेल्यासारखी धग लागत होती. घरातल्या आजी म्हणाल्या, “दिवसा पत्रा भाजतो अन् रातीला स्लॅब.” शास्त्राच्या भाषेतही याहून नेमके सांगता येणार नाही. पत्रा लगेच तापतो आणि लगेच निवतो. सिमेंटचा जाड थर दिवसभर उष्णता साठवतो आणि ती रात्रभर आत सोडतो.

पुढच्या काळात रात्री अधिक जड जाणार आहेत, हे मुद्दाम सांगतो. २०२० च्या ज्या अहवालाचा वर उल्लेख आला, त्यात वरच्या टोकाच्या वाटेवर शतकाच्या अखेरीस देशातल्या उष्ण दिवसांची वारंवारता ५५ टक्क्यांनी, तर उष्ण रात्रींची ७० टक्क्यांनी वाढेल असे म्हटले आहे. दिवसभर राबलेले शरीर रात्रीच्या गारव्यात सावरते. ती रात्रच गेली की दुसऱ्या दिवसाचे तेच ऊन अधिक घातक ठरते.

आता आपला मुख्य प्रश्न. माझ्या मते, ज्या वस्तूचे आयुष्य जेवढे, तेवढ्या पुढचा आकडा तिच्यासाठी पाहावा. सोयाबीनचे बियाणे निवडताना २०५० चा विचार करण्याचे कारण नाही. त्यासाठी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा या हंगामाचा सल्ला पुरेसा आहे. मोसंबीची बाग पंधरा-वीस वर्षे उभी राहते, म्हणून ती लावताना पुढच्या दोन दशकांचे ऊन धरावे. आज टाकलेला स्लॅब २०६५ लाही डोक्यावर असेल. त्याच्यासाठी शतकाच्या मध्याचा आकडा लागतो, आणि वर पाहिल्याप्रमाणे तेथे पाचही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. जग सुधारेल की बिघडेल याची वाट न पाहता घराचा निर्णय आजच घेता येतो, कारण दोन्ही बाजूंनी उत्तर तेच आहे.

नवे बांधकाम असेल तर भूकंपरोधक सांगाडा सोडू नये. फक्त छताची उंची वाढवावी, पश्चिमेची भिंत सावलीत राहील असा ओटा किंवा झाड धरावे आणि समोरासमोर खिडक्या ठेवाव्यात. जुन्या स्लॅबवर गुढीपाडव्याच्या सुमारास दाट चुन्याचे दोन हात दिले, तर पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि स्लॅब मुळात कमी तापतो. पावसाने चुना धुपतो, म्हणून हे दर वर्षी करावे लागते. पत्र्यावर तुऱ्हाट्या किंवा पाचट टाकण्याची रीत आहे, तिने फरक पडतो, पण आगीची भीती असते. पत्र्याखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे, मातीने लिंपलेले हलके छत करणे मला अधिक बरे वाटते. मधल्या पोकळीतून वारा खेळता ठेवला पाहिजे, नाहीतर तीच पोकळी भट्टी होते. घरकुल योजनांच्या नकाशांत या साध्या गोष्टींची सक्ती का नसावी, हे मला आजवर समजलेले नाही. हजारो घरे एकाच नमुन्याने बांधली जातात, तेव्हा नमुन्यातली एक चूक पन्नास वर्षे हजारो कुटुंबांना भोवते.

प्रश्न (धाराशिव, महाविद्यालयीन विद्यार्थी) : आमच्या गावात वेधशाळा नाही. मला स्वतः नोंदी ठेवता येतील का, आणि त्यांचा पुढे उपयोग होईल का?

उत्तर : अवश्य ठेवाव्यात. गावापुरत्या नोंदी नाहीत, हीच तर वर पैठणच्या उत्तरात आलेली अडचण आहे. कमाल आणि किमान अशी दोन्ही तापमाने दाखवणारा साधा तापमापक घ्यावा. तो घराच्या भिंतीला टांगू नये, कारण भिंत आपली उष्णता त्याला देते. अंगणात किंवा शेतात, सिमेंटच्या फरशीपासून दूर, छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या रंगवलेल्या झडपांच्या लहान लाकडी पेटीत, दार उत्तरेकडे येईल असा ठेवावा. जागा एकदा ठरली की बदलू नये. बदलावीच लागली, शेजारी पत्र्याची शेड उभी राहिली किंवा सावलीचे झाड तोडले गेले, तर ती तारीख वहीत लिहून ठेवावी. पुढे नोंदी तपासणाऱ्याला तापमानाच्या आकड्याइतकीच ही टीप लागते. महिन्यातून एकदा जवळच्या हवामान केंद्राच्या प्रसिद्ध आकड्याशी आपला आकडा ताडून पाहावा. एखाद्या दिवशी नोंद चुकली तर जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये. दुसरा तसाच तापमापक घरातल्या झोपण्याच्या खोलीत ठेवता आला, तर फारच उत्तम, कारण घराच्या आतल्या रात्रीच्या नोंदी आपल्याकडे जवळपास कोणीच ठेवत नाही. रोजची वेळ एकच असावी, आणि ती सूर्योदयाच्या सुमाराची असावी. उठल्या उठल्या रात्रीचा किमान आकडा आधी लिहावा, आदल्या दिवसाचा कमाल त्याच्या पुढच्या रकान्यात.